गोळी ग्रुपवर गेली

आमच्या शिवणयंत्राच्या डाव्या खणात बॉबिन, इंचटेप, खडूचे तुकडे आणि माझ्या गोळ्यांचं पाकीट असतं, ही माहिती गेल्या मे महिन्यापर्यंत मला आणि माझ्या नवऱ्याला, विक्रमला, अशी दोघांनाच होती. आता ती कुही तालुक्यात आहे, पुण्यात आहे, कॅनडात आहे आणि आमच्या वरच्या मजल्यावरही आहे. गोळ्या कसल्या, हे सांगायला मी लाजत बसत नाही. लाजायचं जेवढं होतं तेवढं लाजून झालं. माळ्यावर ठेवलेला पाळणा खाली काढायची वेळ येऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या त्या गोळ्या. आमचा गौरांग अकरावीत आहे. पाळण्यात सध्या जुने पडदे आणि कूलरचं मागच्या वर्षीचं गवत ठेवलेलं असतं.

या गोळ्यांचा आणि माझ्या भाचीच्या लग्नाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बोरकुटे घराण्यात माझी एक ख्याती आहे. मला चेहरा वाचता येतो. ही ख्याती मी कमावलेली नाही, ती अंगावर येऊन पडली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला एक मुलगी पाहायला सोबत नेलं होतं. पोहे ठेवताना त्या मुलीनं एकदा खिडकीकडे पाहिलं. परत येताना मी आपलं सहज म्हटलं, "हिचं मन दुसरीकडे आहे." महिन्याभरात त्या मुलीनं खिडकीतून दिसणाऱ्या मेडिकल स्टोअरच्या मालकाशी कोर्टात जाऊन लग्न केलं. तेव्हापासून बोरकुट्यांचा पाहण्याचा एकही कार्यक्रम माझ्याशिवाय झालेला नाही. मला कोपऱ्यातली खुर्ची देतात, तिथून सगळे चेहरे दिसतील असा टीपॉय सरकवतात, आणि मी ताटलीतल्या पोह्यांकडे पाहत बसले तर सासूबाई खाकरतात.

निकाल सांगायचीही रीत ठरलेली आहे. शेवटी मुखवासाचं तबक फिरतं. मी बडीशेप घेतली तर बोलणी पुढे न्यायची, लवंग घेतली तर "कळवतो" म्हणून उठायचं. रीत उत्तम आहे, फक्त तिच्यात एक धोका आहे. विक्रमचा चुलत भाऊ पियूष, त्याच्या वेळी मला खोकला झाला होता. मी लवंग घेतली. खोकला थांबला आणि एक अतिशय चांगलं स्थळही थांबलं. मी नंतर जीव तोडून सांगितलं, पण वहिनी मनाच्या मोठ्या म्हणून आता सारवासारव करून राहिल्या, असं सगळ्यांनी मानलं. पियूष पुढे कॅनडाला गेला आणि तिथून त्यानं 'बोरकुटे परिवार' हा ग्रुप काढला. तोच त्याचा ॲडमिन. हे पुढे लागणार आहे.

तर मे महिन्यातल्या एका दुपारी विक्रम पाटबंधारे खात्यातल्या आपल्या टेबलावर डबा खाऊन मोबाईल पाहत होता. त्याला एक बातमी दिसली. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना समोरच्याच्या चेहऱ्यावरचे अवघड भाव ओळखणं थोडं जड जातं, असं कुठल्याशा अभ्यासात आढळलं म्हणे. आदल्या रात्री हा माणूस रुसला होता आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. का रुसला होता ते त्याच्याही लक्षात नाही. पण त्याला बातमी पटली. त्यानं ती पुढे पाठवली आणि खाली लिहिलं, "आमच्याकडे याचा अनुभव येऊन राहिला आहे."

त्याला ते मला एकटीला पाठवायचं होतं, असं तो म्हणतो. मला पाठवून काय साधणार होतं, ते तो सांगू शकत नाही. गेलं ते 'बोरकुटे परिवार'वर.

पहिला फोन कुहीहून, माझ्या नणंदेचा, सिंधूताईंचा आला.

"मुग्धे, मी काय वाचून राहिली ग्रुपवर? खरं हाय का वं?"

"काय ताई?" मी म्हटलं. मला तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं.

"तू गोळ्या खाऊन राहिली! अन् तुले आता चेहरे दिसत नाही!"

"दिसतात हो ताई. चेहरे दिसतात."

"दिसून काय फायदा? मनातलं दिसते का? येत्या रविवारी गार्गीले पाहाले येऊन राहिले लोकं. तुह्या भरवशावर मी साक्षगंधाचा हॉल बोलून ठेवला. तुह्या भरवशावर! अन् तू अशी ऐन टायमावर बिघडली."

मी बिघडले. बत्तीस इंची टीव्ही बिघडावा तशी मी बिघडले होते. मी फोन ठेवून ग्रुप उघडला आणि माझ्या कानशिलांपासून टाचांपर्यंत एक कढ गेला. तिथे एकानं डोळे वटारलेलं तोंड टाकलं होतं, एकानं हात जोडले होते, आणि विक्रमच्या एका काकांनी, ज्यांनी बातमी वाचली नसावी, "हार्दिक अभिनंदन" असं लिहिलं होतं.

गार्गीबद्दल सांगायला हवं, कारण टांगणीला लागला होता तिचा जीव. ही सिंधूताईंची मुलगी इथे नागपुरात, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते आणि तीन वर्षं आमच्याकडेच राहते. कमी बोलते. लग्नाबद्दल तिला काय वाटतं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, कारण तशी पद्धतच नव्हती; ते काम माझ्याकडे होतं. मी तिच्याकडे पाहायचं, मुलाकडे पाहायचं, आणि एक चिमूट बडीशेप घ्यायची. त्या चिमटीवर त्या मुलीचं सगळं आयुष्य उभं राहणार होतं, आणि गोळीआधीही मला या जबाबदारीनं रात्री नीट झोप लागत नव्हती, हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

संध्याकाळी विक्रम आला तो दारातूनच कान धरून आला. घाबरून त्यानं मेसेज पुसला होता, पण तो फक्त स्वतःच्या मोबाईलवरून; बाकी सगळ्यांकडे तो तसाच होता. मग त्यानं चूक सुधारायची म्हणून ग्रुपवर खुलासा टाकला: "दुपारी माझ्या पत्नीच्या गर्भनिरोधक गोळ्यांसंबंधीचा मेसेज चुकून पडला, तरी कृपया त्याकडे दुर्लक्ष करावे." ज्यांनी दुपारचा मेसेज पाहिला नव्हता, त्यांनी तो आता वर जाऊन शोधून वाचला. गोळ्या गर्भनिरोधक आहेत हे ज्यांना बातमीवरून नीट कळलं नव्हतं, त्यांनाही कळलं. गौरांग त्या रात्री वाढून घेऊन आपल्या खोलीत गेला. त्याचाही नंबर ग्रुपवर आहे.

"पियूषला सांग," मी म्हटलं. "ॲडमिनला कुणाचाही मेसेज काढता येतो."

पियूषनं कॅनडातून सकाळ झाल्यावर उत्तर दिलं. सरकारी उत्तर होतं. "दादा, मागे शेताच्या धुऱ्याच्या वादात मी एकाचा मेसेज काढला होता, तर दोन घरं बोलेनाशी झाली. तेव्हापासून ग्रुपचा नियम आहे, सभासदांच्या संमतीशिवाय काही काढायचं नाही. मी सगळ्यांचं मत घेतो." आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यानं ग्रुपवर मतदान लावलं. प्रश्न: मुग्धावहिनींच्या गोळ्यांचा मेसेज. पर्याय एक: ठेवावा. पर्याय दोन: काढावा.

मला अजूनही वाटतं, यात त्या लवंगेचा हात होता.

दोन दिवस मतदान चाललं. एवढ्या उत्साहानं आमचे लोक महानगरपालिकेलाही बाहेर पडत नाहीत. 'ठेवावा'ला बहुमत मिळालं. मत देताना काहींनी कारणंही लिहिली: माहिती उपयुक्त आहे, तरुण पिढीला कळलं पाहिजे, लपवण्यासारखं काय आहे. एका चुलतसासूबाईंनी दोन्हीकडे मत दिलं. मग चर्चा मूळ विषयावर आली, म्हणजे रविवारपर्यंत मला दुरुस्त कसं करायचं यावर. 'रविवारपुरत्या गोळ्या बंद ठेवाव्या' असा एक पक्ष झाला. 'कार्यक्रम पुढे ढकलावा' असा दुसरा. सिंधूताईंनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "सोळा वर्साचा पोरगा झाला, आता कायले पायजेत गोळ्या?" हा प्रश्न विक्रमनं स्पीकरवर ऐकला आणि तो गच्चीवर टाकीतलं पाणी पाहायला निघून गेला.

माझ्या सासूबाई, यमुताई, एवढा वेळ तांदूळ निवडत ऐकत होत्या. ग्रुपवर त्या फक्त सकाळी देवाचं चित्र टाकतात. त्या म्हणाल्या, "बंद नोको करू वं. माह्या टायमाले ह्या गोळ्या भेटल्या असत्या, तं विक्रम झालाच नसता."

विक्रम तेवढ्यात जिन्यातून खाली येत होता. तो पुन्हा वर गेला. चौथं आणि शेवटचं अपत्य आहे तो.

सासूबाईंचा पाठिंबा मिळाला, पण त्यांनीच दुपारी वरच्या गजभिये मॅडमना सगळं सांगून टाकलं, आणि संध्याकाळी धम्मानंद गजभिये सर आमच्याकडे खाली आले. सर विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात कात्री, डिंक आणि कात्रणं चिकटवलेले पुठ्ठे होते.

"मॅडम, सगळे लोक नुसतं बोलून राहिले. विज्ञान म्हणजे पुरावा," ते खुर्ची ओढत म्हणाले. "तुमची चाचणी झाली पाहिजे. अडचण एवढीच आहे की तुमचा गोळीआधीचा स्कोर आपल्याजवळ नाही. काहून घेतला नाही कोणी तेव्हा?"

मी माफी मागितली. काय करणार?

सरांनी वर्तमानपत्रांतले फोटो कापून त्यांची फक्त डोळ्यांची पट्टी ठेवली होती. ती पाहून मी भाव ओळखायचा. पहिली पट्टी पाहून मी म्हटलं, "या माणसाला न सांगता पाहुणे आले आहेत." सर म्हणाले, उत्तर एका शब्दात द्या. मी म्हटलं, "वैताग." सरांनी पुठ्ठा उलटला. "प्रसन्न. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात आहे." दुसऱ्या पट्टीला मी 'समाधान' म्हटलं. ते पुण्यस्मरण निघालं. मी म्हटलं, सर, फोटो तर जिवंतपणीच काढला असेल ना, तेव्हा समाधानी असतील. सरांनी अर्धा गुण दिला. शेवटी मी काठावर पास झाले. सर गंभीरपणे म्हणाले, "चिंताजनक नाही, पण सराव पाहिजे," आणि पुठ्ठे गृहपाठाला ठेवून गेले. मी एम.कॉम. आहे, फर्स्ट क्लास. हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

हे सगळं चालू असताना गार्गी दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. असं का पाहते आहे, ते मला कळेना. मला वाटलं, मुलाबद्दल धाकधूक वाटत असेल. की राग आहे? की कीव? पूर्वी मी एक काहीतरी ठरवून मोकळी झाले असते. आता प्रत्येक वेळी मध्ये ती गोळी यायची. म्हटलं, गेलं बाई, खरंच गेलं.

माझं पाणी किती उतरलंय ते मला शनिवारी सीताबर्डीत कळलं. कार्यक्रमासाठी टेबलक्लॉथ घ्यायला मी गेले. फुटपाथवर घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरत नाही. माझी पद्धत ठरलेली आहे. भाव सांगताना विकणाऱ्याची पापणी लवली की मी पाठ फिरवून चालू लागते, आणि दहा पावलांच्या आत मागून "ताई, या, या" येतं. त्या दिवशी पापणी लवल्यासारखी वाटली. मी वळले, चालू लागले. मागून आवाज नाही. जरा हळू चालले. तरी नाही. सँडलचा पट्टा नीट केल्यासारखं केलं. व्हरायटी चौकापर्यंत मी अशी मान ताठ ठेवून गेले, आणि मागे वळून पाहिलं तेव्हा त्यानं तोच टेबलक्लॉथ दुसऱ्या बाईला गुंडाळून दिला होता. त्याच्या डोळ्यांत धूळ गेली असणार. मी मेट्रोनं घरी आले ती टेबलक्लॉथशिवाय.

घरी पिशवी टाकली आणि तशीच सदर भागातल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. मतदानाचं ऐकताना त्यांनी तोंडावर फाईल धरली.

"अहो, फरक असलाच तर बारीक असतो," त्या म्हणाल्या. "तोही अगदी अवघड चेहऱ्यांपुरता. काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही. महिन्याच्या चक्रात हार्मोन्स तसेही खालीवर होत असतात. म्हणून काय बायका गोंधळून फिरतात? गोळी मध्येच बंद करायची नाही. त्रास होत असेल तर मला सांगा, आपण दुसरी पाहू. ग्रुपला सांगू नका."

"पण डॉक्टर, मला आता खात्रीच वाटत नाही कशाची."

"ते गोळीनं नाही, बातमीनं झालं." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आणि मिस्टरांना ओळखता येतात का हो चेहरे? त्यांची चाचणी कुणी घेतली?"

हा विचार आजवर कुणालाच सुचला नव्हता. सरांनाही नाही.

रविवार उजाडला. नागपूरचा मे, सकाळी दहालाच रस्त्यावर कुत्रं दिसेना. तर्री पोहे झाले, संत्रा बर्फी आली, कूलर पूर्ण वेगावर लावला. सिंधूताई कुहीहून पहिल्या बसनं आल्या आणि आल्या आल्या त्यांनी माझी हनुवटी धरून माझ्या डोळ्यांत पाहिलं, डॉक्टर पाहतात तसं. "थोडी थोडी चमक हाय," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

मुलगा पुष्कर, त्याचे आईवडील आणि एक मावशी असे चौघे आले. मुलगा सरळ वाटला. पण मी 'वाटला' यावर थांबायला तयार नव्हते. आमच्या हॉलमध्ये कूलर लावला की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे कार्यक्रम बराचसा मुद्रांवरच चालतो. पुष्करच्या वडिलांनी काही विचारलं, विक्रमनं वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं, दोघांनी माना डोलावल्या. गार्गी पोहे घेऊन आली, बसली. सिंधूताई माझ्याकडे पाहत होत्या. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. विक्रम माझ्याकडे पाहत होता. आणि ती मावशीही माझ्याकडेच पाहत होती, एकटक. मी तिच्याकडे पाहिलं तर ती नजर न हलवता आणखी रोखून पाहू लागली. अशा आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींना पाहत बसलो. पुष्कर आणि गार्गीकडे पाहायला कुणीच उरलं नाही.

मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात पळाले. मावशी माझ्या मागोमाग आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"तुमचं लय नाव ऐकून हाय मी," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे हे काम मी करते. मले सगळीकडे घेऊन जातात. पण तुमाले म्हणून सांगते, कोणाले सांगजा नोको. पाळी गेली तवापासून मले काहीच समजत नाही. सगळे जण माह्यावर रागावलेच दिसतात. कोणी पंखा कमी केला तरी वाटते, मलेच टोमणा मारला. आता तुम्ही माह्याकडे पाहून राहिल्या होत्या, तं मले वाटलं, या बाईले आपलं स्थळ पसंतच नाही."

"आणि मला वाटलं, तुम्ही माझ्यातला बिघाड शोधताय!"

"तुमच्यात काय बिघडलं?"

मी सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला, मग दोघी ओट्याला टेकून हसलो. हसणं ओसरल्यावर तिनं माझा हात धरला. "खरं सांगा बाई. त्या पोरीच्या मनात काय हाय? आमचा पोट्टा चांगला हाय वं. पण उद्या पोरगी रडत आली तं पाप मले लागन."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, आणि छातीवरची एक पाटी कुणी उचलून ठेवावी तसं वाटलं.

मी मुखवासाचं तबक घेऊन बाहेर आले. बडीशेप, लवंग, खडीसाखर. सिंधूताईंचे डोळे माझ्या बोटांवर खिळले. विक्रम थोडा पुढे झुकला. सासूबाई खाकरल्या. मी हात लावला नाही. सरळ गार्गीसमोर गेले आणि तबक तिच्या पुढे धरलं.

"गार्गी, तूच घे," मी म्हटलं.

"काहून?" सिंधूताई ओरडल्या. कूलरमुळे ते कुजबुजल्यासारखं वाटलं.

गार्गीला रीत ठाऊक होतीच. तिनं तबकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि जाऊन कूलर बंद केला. नागपुरात मे महिन्यात, भर दुपारी, पाहुण्यांसमोर कूलर बंद करणं ही लहान गोष्ट नाही. पुष्करचे वडील दचकून सरळ बसले.

"पुष्कर," ती म्हणाली, "तुमच्या घरी फॅमिली ग्रुप आहे का?"

पुष्करनं घाम पुसला. "आहे."

"आमच्याही आहे. या आठवड्यात त्याच्यावर मामीच्या गोळ्यांवर मतदान झालं."

"गार्गे!" सिंधूताई म्हणाल्या.

"थांब आई. ठेवावा का काढावा, सगळ्यांनी सांगितलं. गोळ्या बंद कर, चालू ठेव, तेही सांगितलं. मामीले चेहरे दिसतात का नाही, त्याची सरांनी परीक्षा घेतली. पण मामीच्या चेहऱ्याकडे एकानं पाह्यलं नाही. ती चार दिवसांपासून जेवून नाही राहिली नीट. कोणी विचारलं का तिले, तुले कसं वाटून राहिलं म्हणून?" ती माझ्याकडे वळली. "मीही काही लिहिलं नाही ग्रुपवर. मले त्याची लाज वाटून राहिली. म्हणून आज सांगते. माझं लग्न कोणाशीही झालं, तरी मी कोणती गोळी घेईन, घेईन का नाही घेईन, हे मी अन् डॉक्टर ठरवू. नवऱ्यासोबत बोलीन. ग्रुपसोबत नाही."

म्हणजे दारात उभी राहून ती चार दिवस हे पाहत होती. मी मुलाबद्दलची धाकधूक समजत होते, आणि ती पोरगी माझ्यासाठी तळमळत होती. आमच्या घराण्यात चेहरे वाचायचं काम माझ्याकडे असल्यामुळे माझा चेहरा कुणी वाचायचा, हे कुणी ठरवलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि हातात तबक असल्यामुळे पुसताही येईनात.

कूलर बंदच होता. घाम सगळ्यांचा सारखाच वाहत होता. पुष्कर म्हणाला, "आमच्या ग्रुपचा ॲडमिन मीच आहे."

मावशीनं कपाळाला हात लावला.

"बंद करून टाकतो," तो म्हणाला.

"बंद नका करू. दुसरा काढतील," गार्गी म्हणाली. "फक्त माझं काही त्याच्यावर टाकायचं नाही. मले न विचारता."

"तुमचंच काय, माझंही नाही टाकणार. आज इथे येताना बाबांनी माझा फोटो टाकला. त्याच्याखाली सगळे नातेवाईक माझ्या केसांवर बोलून राहिले." त्याचे वडील खिशातला मोबाईल आणखी आत सरकवू लागले.

गार्गी हसली. ते हसू होतं हे मी कुठल्याही हार्मोनवर शपथेवर सांगेन. तिनं तबकातून बडीशेप घेतली आणि लवंगही घेतली, दोन्ही एकदमच तोंडात टाकली. आमच्या रीतीत याला अर्थच नाही. सिंधूताई कावऱ्याबावऱ्या होऊन माझ्याकडे पाहू लागल्या.

"म्हणजे काय वं हे?" त्यांनी विचारलं.

"तिला विचारा ना ताई. समोरच आहे."

त्यांनी विचारलं. बहुधा पहिल्यांदाच. गार्गी म्हणाली, "म्हणजे अजून दोन-चारदा भेटू. बाहेर. मग सांगतो आम्ही." पुष्करनं मान हलवली, त्याच्या आईनंही हलवली, आणि सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा, आता तं कूलर लावा."

निघताना दारात मावशीनं मला बाजूला घेतलं. "ते सगळं ठीक हाय. पण पोरीच्या मनात खरं काय हाय?"

"तिनं सांगितलं ना आत्ता."

"हाव, पण मनात?"

"तेच हो."

मावशी पायऱ्या उतरेपर्यंत यावर विचार करत होती. तिला ही पद्धत नवीन होती, मलाही होती.

सगळे गेल्यावर मी शिवणयंत्राचा डावा खण उघडला, गोळ्यांचं पाकीट काढलं आणि जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलं. आता लपवायचं कुणापासून होतं? एक गोळी काढून सगळ्यांसमोर पाण्याबरोबर घेतली. सासूबाईंनी पाहिलं आणि बर्फीचा डबा माझ्यापुढे सरकवला. सिंधूताईंनी पाहिलं नाही असं केलं. गौरांग खोलीतून ताट घेऊन बाहेर आला आणि चार दिवसांनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

विक्रम पंख्याखाली उभा राहून घाम पुसत होता. मला त्याच्याशी भांडायचं होतं, रडायचंही होतं, आणि त्यानं एकदा जवळ येऊन बसावं असंही वाटत होतं. डॉक्टरीणबाईंची आठवण झाली. हात बांधून त्याच्यासमोर उभी राहिले आणि चेहऱ्यावर जे होतं ते सगळं तसंच राहू दिलं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"ओळख."

त्यानं प्रामाणिकपणे प्रयत्न केला, हे मला कबूल केलं पाहिजे. जवळ आला. मान तिरकी केली. चष्मा पुसून पुन्हा लावला. गजभिये सरांच्या पट्ट्या मी पाहिल्या नसतील इतक्या बारकाईनं माझे ओले डोळे त्यानं पाहिले. मग त्याचा चेहरा उजळला.

"तर्री तिखट झाली होती ना वं?"

आणि हा माणूस कसलीच गोळी घेत नाही.